झोंबतंय काहीतरी

"आज पुन्हा डोळ्यांना पाणी," असं म्हणत लेक पायातले बूटही न काढता मांजरीच्या पिल्लापाशी उकिडवा बसला. त्याची आई समोरच खुर्चीत होती. तिचे गुडघे कसे आहेत हे विचारायला त्याला सवड नव्हती. पिल्लाचे डोळे मात्र तो येता-जाता बघायचा.

सून तर त्याच्या वरताण. कोमट पाण्यात कापूस बुडवून ती त्या डोळ्यांची अशी सेवा करायची, की बाळंतिणीचीही कुणी करणार नाही. पिल्लू तिनंच आणलेलं. माझं सोनं माझ्यावाचून झोपत नाही, हे ती शेजारीपाजारी सांगत फिरायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, त्या केसाळ गोळ्याला मी बोट लावणार नाही. दवाखान्यातही त्या मुद्दाम दोघांबरोबर गेल्या. कुणी नेणारं असेल तर तिथंच देऊन टाकू, दुखणं घरात कशाला, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या पापण्या ताणून पाहिल्या. पू नाही, चिकटा नाही, शिंका नाहीत, म्हणजे सर्दी नाही. नुसतं पाणी येतंय, तर डोळ्यांना काहीतरी झोंबतंय, म्हणाल्या. धूर? अत्तर? फिनेल? सून नकारार्थी मान हलवत गेली. मग बाईंनी सरळ पिल्लाच्या मानेत नाक खुपसलं.

"ह्याला बामचा वास येतोय. कुशीत घेऊन कोण झोपतं?"

"मीच," सून लगेच म्हणाली. "पण मी कुठे बाम लावते?"

तिघंही सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

"तुम्ही दोघं कामावर जाता. दुपारभर ते काय भिंतींशी बोलेल?"

लेकाला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाम सोडा, नाहीतर पिल्लू सोडा, बाईंनी स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी पिशवीतली बाटली काढली आणि तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. गुडघे माझे आहेत, दुखतील तर मला दुखतील, म्हणाल्या.

परतताना गाडीत सुनेनं टोपलीचं झाकण उघडलं. पिल्लू तिची मांडी तुडवत पलीकडे गेलं, सासूबाईंच्या कुशीत शिरलं आणि घुरघुरायला लागलं. लेक आरशातून आईकडे बघत होता. सून रिकामी टोपली धरून बसली.

तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिला काही बाम झोंबला नव्हता.