अशिलाची बाजू

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींना धडाधड सोडवून आणणारे गिरगावचे वकील हेरंब कीर्तिकर दादरला मनाच्या डॉक्टरांकडे आले, तेही काळा कोट चढवून.

"माझ्या एका अशिलाचं काम आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "माणूस मोठा आहे, त्याला इथे येणं शोभत नाही."

"काय होतंय त्यांना?"

"मुलगी नापास झाली, ते त्याला शेजाऱ्याकडून कळलं. पोरगी बापाला इतकी घाबरते! तेव्हापासून झोप नाही, घास उतरत नाही."

मग अर्धा तास त्यांनी अशिलाची बाजू मुद्देसूद मांडली. मध्येच थांबून पाणी मागितलं.

डॉक्टर हसले. "युक्तिवाद उत्तम. पण आमच्याकडे वकीलपत्र चालत नाही. अशिलालाच हजर करा."

"तो यायचा नाही हो! सगळं गिरगाव ओळखतं त्याला."

पुढच्या गुरुवारी कीर्तिकर पुन्हा आले. अंगात नुसता सदरा होता.

"वकीलसाहेब कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोर्टात अडकलेत," खुर्चीत बसत ते हळूच म्हणाले. "ते यायच्या आत मी बोलून घेतो."