पावाचं टोक

डॉक्टरांनी आजोबांचं लोणी, सॉसेज, चरबी सगळं बंद केलं, म्हणून लेकीनं ऑगस्टच्या सुट्टीसाठी मुद्दामच हा आडरानातला बंगला घेतला होता. जवळपास खानावळ नाही, खाटीक नाही. साधा पाव आणायचा तरी टेकडी उतरून तीन किलोमीटरवरची बेकरी. ते काम ओक्ताव्ह आजोबांनी आपण होऊन मागून घेतलं, तेव्हा लेकीला भरून आलं.

पाचव्या दिवशीही आजोबा काखेत लांबलचक पाव धरून घामाघूम परतले.

"बघ आई, घरी गल्लीच्या तोंडापर्यंत जायला कुरकुरतात, आणि इथं रोज सहा किलोमीटर," असं म्हणत लेक पोहायला गेली.

"हवेचा गुण," आजोबा नम्रपणे म्हणाले.

इवेत आजींनी पाव हातात घेऊन दोन्हीकडून निरखला.

"अहो, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. पावाचं टोक वाटेत मोडून खाल्ल्याशिवाय तुम्ही कधी घरात पाऊल टाकलं नाहीत. आणि आता पाच दिवस पाव अख्खाच्या अख्खा."

"पथ्य पाळतोय."

"पथ्यावरच्या माणसाला भूक लागते." आजींनी एप्रनच्या कोपऱ्यानं त्यांच्या मिशीवरचं पिवळं पुसलं. मग दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "ती बेकरीवाली तुम्हाला ऑम्लेट कशात करून घालते? लोण्यात, की बदकाच्या चरबीत?"

"चरबीत," आजोबा पुटपुटले.

"मग उद्यापासून मीही येते पाव आणायला."