निरोप पोचला

१९९८ साल. पेजर कंपनीच्या कचेरीत निरोप घेणाऱ्या मुली ओळीनं बसत. लोकांनी फोनवर सांगायचं, मुलीनं टाइप करायचं, एकदा वाचून दाखवायचं आणि पाठवून द्यायचं. ज्याचा पेजर वाजेल त्यानं मग फोन गाठून उत्तर द्यायचं.

कोपऱ्यातल्या मुलीला सगळ्या 'पोपट' म्हणत. दिवसभर दुसऱ्यांचंच बोलायची म्हणून.

"पोपट, तुझी मावशी आली गं लाइनवर!" शेजारची म्हणाली.

मावशी म्हणजे रोज फोन करणाऱ्या एक बाई. त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. त्याचा पेजर कचेरीतच, परत आलेल्या पेजरांच्या कपाटात पडून होता. महिनाअखेरपर्यंत नंबर बंद करायचा नाही, असा नियम. मावशी रोज निरोप पाठवत, कपाटात पेजर वाजू लागे. बटण दाबेपर्यंत तो गप्प बसत नसे. शेवटी साहेब वैतागून उठत, कुलूप उघडून बटण दाबत.

"मावशी, आज शेवटचा दिवस," पोपट हळूच म्हणाली. "उद्यापासून नंबर बंद."

"मग नीट टाइप कर हं, पोरी. 'घरी फोन कर. आई वाट बघतेय.'"

पोपटनं वाचून दाखवलं. पाठवलं. कपाटात पेजर वाजला. एकदा, दोनदा. आणि थांबला.

शेजारचीचे हात टाइप करता करता थबकले. साहेब जागेवरच होते. किल्ली त्यांच्या टेबलावर होती.

"बॅटरी गेली असेल," साहेब म्हणाले. पण उठून बघायला काही ते गेले नाहीत.

मावशी अजून लाइनवर होत्या. घरचा फोन मुलासाठी मोकळा राहावा म्हणून त्या नेहमी समोरच्या बूथवरून बोलत.

"पोरी," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "घरात फोन वाजतोय गं. इथवर ऐकू येतोय. उचलू का?"

पोपटनं कपाटाकडे पाहिलं. 'नको' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"उचला, मावशी."

रिसीव्हर लोंबकळून कशावर तरी आपटला. चपला रस्ता ओलांडून गेल्या. लांबवर घंटी वाजत होती, ती थांबली.

साहेबांनी पुढे मोबाइलचं दुकान काढलं, बरं चाललं. शेजारची लग्न करून परदेशी गेली. मावशींचा फोन पुन्हा कधीच आला नाही. पोपट बूथवर फोन करून विचारी तेव्हा बूथवाला सांगे, बाई मजेत आहेत, खिडकीत रिसीव्हर कानाशी धरून बसतात, मधूनच हसतात.

पोपट आता आजी झाली आहे. परवा नात तिला मोबाइल शिकवत होती.

"हे बघ आजी, खुणा निळ्या झाल्या. म्हणजे तुझा निरोप वाचला."

"कोणी?" आजीनं विचारलं.