खुर्ची रिकामी ठेवून

हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता, पण बर्फातल्या चौकीवरचे चारही आजारी जवान आत चढायला तयार नव्हते.

"ढग उतरताहेत, चला लवकर," वैमानिक मृदुला केळशीकर थकल्या आवाजात म्हणाली. सकाळपासून ती फेऱ्याच मारत होती.

"राग मानू नका, मॅडम," हवालदार खैरमोडे खोकत म्हणाला, "पण बुवा आख्यान रंगात आणून मधेच उठून गेले, तर श्रोत्यांनी काय करायचं?"

मृदुलाला हसू आलं नाही. हेलिकॉप्टर पडणार हे कळलं, की संगणक वैमानिकाला न विचारताच त्याची खुर्ची बाहेर फेकायचा आणि पॅराशूटनं अलगद उतरवायचा. मागच्या बाकांना ती सोय नव्हती. गेल्या हिवाळ्यात मृदुला अशीच वाचली होती. मागचं कुणीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून लोकांची अभिनंदनं ऐकून ती शिणली होती.

खैरमोडेचे ओठ निळे पडले होते. आज खाली नेलं नाही, तर त्याला उद्याचा दिवस दिसणार नव्हता.

तिनं पट्टे सोडले, खुर्चीत न बसताही हेलिकॉप्टर उडवता येईल असा हातातला नियंत्रक उचलला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. "वैमानिक आसनावर नाही," यंत्र बजावू लागलं.

"तिथून समोरचं दिसतं का?" खैरमोडेनं विचारलं.

"हेल्मेटच्या काचेत दिसतं. खुर्चीतून जास्त बरं दिसतं, खोटं कशाला सांगू?"

तो दांडा धरून कसाबसा वर चढला.

"थोडं सरकून बसा, माउली," तो म्हणाला, "अजून तिघं यायचेत."