माय थंडी झाली

"धनीराम, धुरपतानं सांगतलं, माय थंडी झाली," धुरपताच्या शेजारचे पुंडलिकराव एसटीच्या खिडकीतून ओरडले अन् गाडी निघूनही गेली.

त्याच्याशी भांडून कोंढ्याला लेकीकडे, धुरपताकडे, जाऊन बसलेली माय अशी जाईल, हे धनीरामच्या ध्यानीमनी नव्हतं. नुसत्या सदऱ्यावरच त्यानं सायकल काढली. पौषातल्या वाऱ्यानं कान बधिर झाले, बोटं हँडलला चिकटली, पण आपण मायला काय काय बोललो ते डोक्यातून निघेना.

पोचला, तर माय अंगणात शेकोटीपुढं बसून लाखोरीची भाजी निवडत होती. धनीरामच्या हातून सायकल पडली. मायनं उठून त्याचे गारठलेले हात धरले.



"माहा राग थंडा झाला, न्याले ये, असं सांगतलं होतं बापा. तू काहून एवढा थंडा होऊन आला?"