तीन स्वतंत्र मते

'तिन्ही तज्ज्ञांची मते स्वतंत्र असून त्यांत पूर्ण एकवाक्यता आहे,' असे रुग्णालयाचे पत्र सांगते. पत्नीच्या यकृतातली गाठ कर्करोगाचीच, शस्त्रक्रिया सोमवारी.

जुन्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्यात माझा जन्म गेला. दोन पोथ्यांत अगदी तीच चूक आढळली, की नक्कल ओळखू येते. मी तिन्ही अहवाल शेजारी ठेवले. एकवाक्यता खरीच होती. तिघांनीही लिहिले होते, 'पित्ताशय निरोगी.' तिचे पित्ताशय नऊ वर्षांपूर्वीच काढले आहे.

तिसऱ्या डॉक्टरांपुढे मी त्या ओळीवर बोट ठेवले.

"अहो, चिडू नका," पत्नी म्हणाली. मग तिनेच विचारले, "डॉक्टर, माझी गाठ नक्की कसली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, स्कॅन मी पाहिलाच नाही, पहिल्या सरांचं उतरवलं. त्यांनाही खात्री नव्हती, म्हणून तर त्यांनी तुम्हाला आमच्याकडे पाठवलं."