पाठीवरची फट

मालिकेतल्या सरदाराच्या अंगरख्यावरून शर्वरीने एका नवरदेवासाठी जाकीट बेतलं होतं. पाठीवरची बोटभर फटसुद्धा तिने हौसेने जरीने सजवली होती.

मालिकेचे कपडे शिवणारे गफूरचाचा ते पाहून दचकले. "बेटा, ही नक्षी नव्हे! सरदाराचा सख्खा भाऊ त्याच्या पाठीत कट्यार खुपसतो ना, तेव्हा खोटं रक्त बाहेर यावं म्हणून मी ठेवलेली फट आहे ही."

"अगं बाई! आत्ता बुजवते," म्हणत शर्वरी सुई ओवू लागली.

तेवढ्यात नवरदेवाचा थोरला भाऊ आत आला. "फट राहू द्या," तो शांतपणे म्हणाला. "तो भाग मी पाहिलाय. म्हणून तर हाच अंगरखा निवडला."

मागोमाग आलेल्या नवरदेवाने जाकीट अंगात चढवलं आणि भावाकडे पाठ केली.

"दादा, मागचे बंद तेवढे तू बांध."